बाळ किती पौंडाचं? ब्रिटनची जुनी मापं आणि अर्ध्यावर थांबलेला बदल

पुतण्याला मुलगी झाली तेव्हा जाऊबाईंच्या सोबतीला मी लंडनला गेले होते. रुग्णालयातल्या नर्सने बाळाला काट्यावर ठेवलं, आकडा पाहिला आणि लाल वहीत लिहिला: ३.२० किलो. ही लाल वही तिथे प्रत्येक बाळाची असते. वजन, उंची, लसी, सगळं तिच्यात. घरी आल्यावर शेजारच्या आजीबाई बाळ पाहायला आल्या. त्यांचा पहिलाच प्रश्न वजनाचा. पुतण्या म्हणाला, तीन किलो दोनशे. बाईंच्या चेहऱ्यावर काही उमटेना. "पौंडात सांग ना," त्या म्हणाल्या. सूनबाईंनी फोनवर हिशोब करून सांगितलं, सात पौंड एक औंस. तेव्हा कुठे त्यांचा चेहरा खुलला.

त्याच संध्याकाळी साताऱ्याहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. वय ८६. बाळाचं नाक कुणासारखं यावर चर्चा झाली आणि मग त्यांनी विचारलं, "अरे, किती पौंडाचं आहे रे बाळ?"

मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. पाचवीच्या मुलांना किलो-ग्रॅम, मीटर-सेंटिमीटर शिकवताना कधी अडचण आली नाही, कारण त्यांना दुसरं काही माहीतच नव्हतं. पण कायद्याने किलो आणून इतकी वर्षं झाली, तरी दोन देशांतल्या दोन आजींना बाळ पौंडातच का कळतं, हे मला नीट समजून घ्यायचं होतं. त्यासाठी आधी ती जुनी मापं आली कुठून ते पाहायला हवं. ती वेडीवाकडी वाटतात, पण त्यांतलं एकही कुणी उगाच केलेलं नाही.

बैलांनी ठरवलेली लांबी

आपण मराठीत सहज म्हणतो, "फर्लांगभर चाललं की देऊळ." हा फर्लांग इंग्रजी शेतातून आला. त्या शब्दाचा मूळ अर्थ 'लांब तास'. तास म्हणजे नांगराने पडणारी चर, हे शेतकरी घरात सांगावं लागत नाही. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जड नांगराला बैलांच्या अनेक जोड्या लागायच्या. एवढं लांबलचक औत वळवणं फार कष्टाचं, म्हणून शेताच्या पट्ट्या लांब आणि अरुंद ठेवत. बैल एका दमात जेवढं ओढतील आणि मग टोकाला थांबून श्वास घेतील, तेवढा एक फर्लांग. पुढे तो २२० वारांवर, म्हणजे ६६० फुटांवर पक्का झाला. आजच्या हिशोबाने साधारण २०१ मीटर.

एकर म्हणजे बैलांच्या औताने एका दिवसात नांगरून होईल एवढी जमीन. एक फर्लांग लांब आणि २२ वार रुंद अशी पट्टी. तिचे चौरस फूट करा: ६६० गुणिले ६६, म्हणजे ४३,५६०. हा आकडा पाठ करताना आपल्यापैकी कित्येकांनी कपाळावर हात मारला असेल. पण शेतकऱ्याला चौरस फूट मोजायचेच नव्हते. त्याला दिवसाचं काम मोजायचं होतं, आणि त्या कामाला 'एक एकर' हा पुरता गोल आकडा आहे.

आता मैल. रोमन लोकांचा मैल पाच हजार फुटांचा. हजार दुहेरी पावलं, एका पावलात पाच फूट. सुटसुटीत. मग इंग्रजी मैल ५,२८० फुटांचा का झाला? कारण तोवर फर्लांग इंग्लंडच्या जमिनीत रुतला होता. शेतांच्या हद्दी, खंड, खरेदीखतं, सगळं त्यावर. मैलात आठ फर्लांग हवे, आणि फर्लांग तर ६६० फुटांचा. दोघांपैकी एकाला हलावंच लागणार होतं. १५९३ मध्ये पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात लंडनभोवतीच्या नव्या बांधकामांवर बंधन घालणारा कायदा झाला, त्यात मैल म्हणजे आठ फर्लांग असं लिहिलं गेलं. मैल २८० फुटांनी वाढला, पण कुणाच्या शेताची हद्द बदलली नाही. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. ज्या मापावर माणसांची मालमत्ता उभी आहे ते हलवायचं नाही, बाकीच्यांनी जुळवून घ्यायचं.

बारीक मापंही अशीच हाताशी असलेल्या वस्तूंतून आली. जवाचे तीन दाणे टोकाला टोक लावून ठेवले की एक इंच. जव कधीच गेले, पण ब्रिटनमध्ये बुटाचा एक नंबर वाढला की लांबी आजही एक तृतीयांश इंचाने वाढते. तो जवाचा दाणाच आहे.

एक साखळी, जी आपल्या सातबाऱ्यापर्यंत आली

१६२० च्या सुमारास लंडनच्या ग्रेशम कॉलेजमध्ये एडमंड गंटर नावाचे खगोलशास्त्राचे प्राध्यापक होते. जमीन मोजणाऱ्यांची पंचाईत त्यांनी पाहिली. लांबी-रुंदी काठ्यांत आणि फुटांत मोजायची, गुणाकार करायचा, मग त्या भल्यामोठ्या आकड्याला ४३,५६० ने भागायचं. चुका व्हायच्या आणि चुकांवरून भांडणं. गंटर यांनी एक साखळी आणली. लांबी ६६ फूट, म्हणजे एकराच्या पट्टीची बरोबर रुंदी. तिला कड्या १००.

यातली खुबी मी मुलांना फळ्यावर दाखवायचे. समजा शेत ८ साखळ्या लांब आणि ५ साखळ्या रुंद आहे. गुणाकार ४०. दहा चौरस साखळ्यांचा एक एकर, म्हणून शेत ४ एकर. संपलं. साखळीचे तुकडे मोजायचे असतील तर कड्या शंभर आहेतच, ८ साखळ्या ३७ कड्या म्हणजे ८.३७. बैलांच्या मापात त्यांनी दशांश चिन्ह बसवलं, तेही मीटरचा जन्म होण्याच्या पावणेदोनशे वर्षं आधी, आणि एकाही शेतकऱ्याला आपलं माप सोडायला न लावता.

ही साखळी तुम्ही पाहिली आहे. क्रिकेटची खेळपट्टी २२ वारांची, म्हणजे बरोबर एक साखळी. ब्रिटनच्या रेल्वेत एखादा पूल कुठे आहे हे आजही मैल आणि साखळ्यांत नोंदवलेलं असतं.

आणि आपला गुंठा? ३३ फूट गुणिले ३३ फूट. मुंबई इलाख्यात इंग्रजांनी जमिनीची मोजणी केली तेव्हा साखळी घेतली ती ३३ फुटांची, गंटर यांच्या साखळीच्या नेमकी निम्मी. तिचे भाग मात्र आपल्याकडच्या सवयीप्रमाणे सोळा केले, आणि त्यांना म्हटलं आणे. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. जुन्या फेरफारांत एकर-गुंठे-आणे असं लिहिलेलं दिसतं ते हेच. इंग्लंडातल्या बैलांचा दिवस आणि आपला सोळा आण्यांचा रुपया एकाच कागदावर.

पौंड एक, वजनं दोन

आमच्या लहानपणी एक कोडं होतं, किलोभर कापूस जड की किलोभर लोखंड? इंग्रजी मापांत या कोड्याला खरोखरच उत्तर आहे. पौंडभर पिसं ही पौंडभर सोन्यापेक्षा जड!

कारण पौंड दोन. किराणा, लोकर, माणसं यांचा पौंड १६ औंसांचा, ४५३.६ ग्रॅम. सोन्या-चांदीचा पौंड १२ औंसांचा, ३७३.२ ग्रॅम. त्यातही औंस सारखे नाहीत. सोन्याचा औंस ३१.१ ग्रॅम आणि किराण्याचा २८.३५. म्हणजे औंसात सोनं जड, पौंडात पिसं जड. आज बातम्यांत सोन्याचा जागतिक भाव 'प्रति औंस' येतो तो या ३१.१ ग्रॅमच्या औंसाचा. दोन्ही पौंडांना बांधणारा धागा एकच, ग्रेन, म्हणजे धान्याचा कण. किराण्याच्या पौंडात ७,००० ग्रेन, सोन्याच्या पौंडात ५,७६०. कंपनी सरकारने आपला तोळा ठरवला तो १८० ग्रेनचा, ११.६६ ग्रॅम. चांदीचा रुपयाही तेवढ्याच वजनाचा होता, म्हणून तोळ्याला रुपयाभार म्हणत.

द्रवाच्या मापांत याहून गोंधळ. दारूचा गॅलन वेगळा, बिअरचा वेगळा, धान्याचा वेगळा. १२१५ च्या मॅग्ना कार्टा या सनदेत राजाने सबंध राज्यात दारूचं, बिअरचं आणि धान्याचं एकेकच माप राहील असं वचन दिलं होतं. ते पुरं व्हायला सहाशे वर्षं लागली. १८२४ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा केला आणि सगळ्या गॅलनांच्या जागी एक आणला: १० पौंड पाणी मावेल एवढा. 'इम्पीरियल' मापं म्हणतात ती या कायद्याची. अमेरिका तोवर स्वतंत्र झाली होती. तिने जुना दारूचा गॅलन ठेवला. म्हणून ब्रिटिश गॅलन ४.५५ लिटरचा आणि अमेरिकेचा ३.७९ लिटरचा. अमेरिकेतल्या नातेवाइकांची गाडी गॅलनला किती जाते हे ऐकताना हा फरक ध्यानात ठेवा.

जळालेला वार

मापं कागदावर लिहून भागत नाही. कुठेतरी एक खरीखुरी वस्तू लागते, जिला बोट लावून म्हणता येईल की हा वार आणि हा पौंड. ब्रिटनमध्ये या वस्तू संसदेच्या इमारतीत ठेवलेल्या होत्या. १६ ऑक्टोबर १८३४ रोजी तिथल्या भट्ट्यांत जुन्या हिशोबाच्या लाकडी काठ्या जाळल्या जात होत्या. सरकारी देण्याघेण्याच्या खाचा पाडलेल्या त्या काठ्या आता निरुपयोगी झाल्या होत्या. आग भडकली, संसद जळाली आणि देशाचा वार आणि पौंडही त्यात गेले.

खरं तर १८२४ च्या कायद्यात याची तरतूद होती. वार हरवला, तर लंडनमध्ये दर सेकंदाला एक झोका घेणारा लंबक घ्यायचा. त्याची लांबी ३९.१३९३ इंच. त्यावरून पुन्हा वार काढायचा. कल्पना सुरेख होती, निसर्गाकडून माप परत मागायचं. पण प्रत्यक्षात शास्त्रज्ञांना दिसलं की लंबकाचा हिशोब पुरेसा अचूक येत नाही. अखेर जळालेल्या वाराच्या ज्या नकला इकडेतिकडे होत्या त्यांवरूनच नवा ब्राँझचा वार ओतला, आणि १८५५ मध्ये कायद्याने तो मान्य झाला. यावेळी अधिकृत नकला वेगवेगळ्या ठिकाणी ठेवल्या. एक तर नव्या संसदेच्या भिंतीत चिणली.

ग्रिनिचच्या वेधशाळेबाहेर, मोठ्या घड्याळाशेजारी, भिंतीत धातूचे टेकू बसवलेले आहेत. दोन टेकूंमधलं अंतर एक वार, खाली एक फूट, तीन इंच वगैरे. कुणीही यावं आणि आपली पट्टी ताडून पाहावी म्हणून ते रस्त्यावर ठेवलेले. मी पर्समधून शिवणाची टेप काढून लावली. ३६ इंच, बरोबर. टेप गुंडाळताना मनात आलं, या टेकूंमधली नऊ अंतरं म्हणजे सासूबाईंची साडी. नऊवारीतला वार तो हाच. मीटरमध्ये सव्वाआठ, पण सव्वाआठ मीटरी साडी असं कुणी म्हणणार नाही.

मग मीटर कशासाठी?

एक उदाहरण करू. पडद्याचं कापड २ वार १ फूट ७ इंच लागतं. असे पाच पडदे.

सात इंच गुणिले पाच, ३५ इंच. बारा इंचांचा फूट, म्हणून २ फूट हातचे, ११ इंच उरले. एक फूट गुणिले पाच, पाच अधिक दोन सात. तीन फुटांचा वार, म्हणून २ वार हातचे, १ फूट उरला. दोन वार गुणिले पाच दहा, अधिक दोन बारा. उत्तर १२ वार १ फूट ११ इंच. प्रत्येक पायरीवर वेगळ्या आकड्याने भागायचं. वजन असतं तर १६ औंसांचा पौंड, १४ पौंडांचा स्टोन, ८ स्टोनचं हंड्रेडवेट, २० हंड्रेडवेटचा टन. त्यावर १९७१ पर्यंतचे पैसे: १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगचा पौंड. ब्रिटिश मुलांच्या शाळेची किती वर्षं यात जात असतील!

मीटरमध्ये तेच कापड २.३१ मीटर. गुणिले पाच ११.५५. हातचे आपोआप, कारण आपण मोजतोच दहाच्या पटीत.

पण इथे जुन्या मापांची बाजू सांगितली पाहिजे, नाहीतर मी चांगली शिक्षिका नव्हे. १२ ला २, ३, ४, ६ ने भाग जातो, १० ला फक्त २ आणि ५ ने. फुटाचा तिसरा हिस्सा नेमके ४ इंच, मीटरचा तिसरा हिस्सा ३३.३३ करत संपतच नाही. आणि १६ हा तागडीचा आकडा. हातात वजनं नसली तरी समोरची रास दोन पारड्यांत सारखी वाटता येते, मग तिच्या अर्ध्याचा अर्धा, त्याचाही अर्धा. चार वेळा वाटलं की सोळावा भाग. आपल्याकडेही असंच होतं: शेर, अर्धा शेर, पावशेर, नवटाक, छटाक. छटाक म्हणजे शेराचा सोळावा हिस्सा. जुनी मापं वाटणीसाठी होती आणि मीटर गुणाकारासाठी. गावच्या बाजारात वाटणी जास्त लागते. कारखाना, आगगाडी, औषधांची बाटली, परदेशी व्यापार आला की गुणाकार जास्त लागतो. मापं बदलायची वेळ येते ती अशी.

दशमान मापांची कल्पना इंग्लंडमध्येही निघाली होती. लंडनच्या रॉयल सोसायटीचे जॉन विल्किन्स यांनी १६६८ मध्ये लंबकाच्या लांबीवर आधारलेली दहाच्या पटीतली मापं सुचवली. ती लांबी आजच्या मीटरच्या अगदी जवळ जाते. वाफेच्या इंजिनाचे जेम्स वॉट यांनीही १७८३ मध्ये शास्त्रज्ञांनी एकच दशमान माप घ्यावं म्हणून पत्र लिहिलं. पण प्रत्यक्ष काम केलं फ्रान्सच्या क्रांतीने. १७९१ मध्ये ठरलं की उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर. तो कुठल्या राजाच्या हाताचा नव्हता, म्हणून कुणालाही घेता येण्यासारखा होता. फ्रान्सशी लढत असलेल्या ब्रिटनला मात्र तो शत्रूचाच वाटला असणार.

तरी ब्रिटन किती जवळ येऊन परतलं पाहा. १८६४ मध्ये करारात मीटर वापरायची मुभा दिली. १८७१ मध्ये मीटर सक्तीचा करणारं विधेयक संसदेत अवघ्या पाच मतांनी पडलं. पाच मतं! ती इकडची तिकडे झाली असती, तर कदाचित गुंठा आपल्या कागदांवरून केव्हाच गेला असता.

तारीख नसलेला बदल

१९६५ मध्ये ब्रिटनच्या सरकारने जाहीर केलं की उद्योगांनी मीटरकडे जावं. मागणी उद्योगांचीच होती, कारण गिऱ्हाइकं मेट्रिक, म्हणजे मीटर-किलो वापरणाऱ्या, देशांत होती. १९६९ मध्ये त्यासाठी एक मंडळ नेमलं. औषधांचे डोस बदलले, बांधकामाचे नकाशे मिलिमीटरमध्ये आले, १९७४ पासून शाळांत मीटर आला. १५ फेब्रुवारी १९७१ रोजी पैसे बदलले. एका सोमवारी सकाळी २४० पेन्सचा पौंड १०० पेन्सचा झाला आणि त्यावर कुणी मागे फिरलं नाही.

पैसे बदलले आणि मापं का अडकली? पैशांना तारीख होती. मापांच्या मंडळाला सक्तीचा अधिकारच नव्हता, ते फक्त सल्ला द्यायचं. त्याचं काय झालं ते गालिच्यांच्या दुकानात पाहा. १९७५ मध्ये गालिचे विकणारे चौरस मीटरवर गेले. आता समजा गालिच्याचा भाव चौरस मीटरला १२ पौंड. चौरस वार लहान, म्हणून तोच गालिचा चौरस वाराला १० पौंड. काही दुकानदारांनी पाटी पुन्हा चौरस वाराची लावली. गिऱ्हाइकाला ते दुकान स्वस्त वाटलं. शेजारच्यालाही मग मागे फिरावंच लागलं. दोनेक वर्षांत सगळा धंदा पुन्हा वारावर. यात कुणाचा जुन्या मापावर जीव नव्हता. जो आधी बदलेल तो तोट्यात, एवढंच कारण. सगळ्यांना एकाच दिवशी बदलायला लावलं असतं तर कुणीच तोट्यात गेलं नसतं. मला विचाराल तर ब्रिटनची सगळी कहाणी या गालिच्यात आहे.

रस्त्यांचंही तेच. १९७३ मध्ये वेगमर्यादा किलोमीटरमध्ये करायचं ठरलं होतं, १९७० मध्येच ते रद्द झालं. मंडळ १९८० मध्ये बंद केलं. शेजारच्या आयर्लंडने मात्र २० जानेवारी २००५ ही तारीख ठरवली आणि वेगमर्यादेच्या सगळ्या पाट्या बदलल्या.

म्हणून आज पुतण्याकडे काय दिसतं? गाडीत पेट्रोल लिटरने भरतो, पण गाडी गॅलनला किती मैल जाते ते सांगतो. रस्त्यावर पाट्या मैलांच्या आणि वारांच्या, पण महामार्गाच्या कडेला निळ्या पाटीवर जे आकडे असतात ते किलोमीटर, फक्त तसं लिहिलेलं नसतं. फ्रिजमध्ये दुधाचा कॅन, त्यावर २.२७२ लिटर. असा विचित्र आकडा का? चार पिंट, म्हणजे अर्धा गॅलन. स्वतःचं वजन तो जिममध्ये किलोत घेतो आणि सासऱ्यांना स्टोनमध्ये सांगतो.

कायद्याचा अखेरचा टप्पा आला तो युरोपीय संघामुळे. पाकीटबंद वस्तू १९९५ पासून आणि सुटी भाजी-फळं १ जानेवारी २००० पासून मेट्रिकमध्ये विकणं सक्तीचं झालं. पौंडाचा भाव शेजारी लिहायला हरकत नव्हती, पण तराजू किलोचा हवा. त्याच वर्षी संडरलंड शहरातले फळविक्रेते स्टीव्ह थोबर्न यांनी पौंडाच्या काट्यावर ३४ पेन्सची केळी विकली आणि त्यांच्यावर खटला झाला. २००१ मध्ये ते दोषी ठरले. २००२ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांचं अपील फेटाळलं. तो निकाल आज कायद्याचे विद्यार्थी वेगळ्याच कारणासाठी अभ्यासतात: काही कायदे संविधानाच्या दर्जाचे असतात आणि ते नकळत रद्द होत नाहीत, असं न्यायाधीशांनी त्यात म्हटलं. थोबर्न २००४ मध्ये वारले. किलोच्या बाजूची असूनही मला त्या माणसाबद्दल वाईट वाटतं. गिऱ्हाईक ज्या भाषेत मागतं त्या भाषेत तो देत होता. पस्तीस वर्षं सरकारने जो निर्णय टाळला, त्याचा भार शेवटी एका हातगाडीवाल्यासारख्या माणसावर पडला.

युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर २०२२ मध्ये सरकारने लोकांना विचारलं, जुनी मापं परत आणायची का? एक लाखाहून अधिक उत्तरं आली. ९८.७ टक्के लोकांनी मेट्रिकच्या बाजूने कौल दिला. एवढं होऊनही मैल आणि पिंट कायद्याने जागच्या जागी आहेत. आणि जो पौंड परत आणायची चर्चा चालली होती तो स्वतः कधीच मेट्रिक झाला आहे. १९५९ पासून वार म्हणजे ०.९१४४ मीटर आणि पौंड म्हणजे ०.४५३५९२३७ किलो, अशीच त्यांची व्याख्या आहे. ब्राँझचा तो वार आता नुसता जपून ठेवलेला दांडा.

आपण केलं ते तारखांनी

आपल्याकडचा गोंधळ ब्रिटनपेक्षा मोठा होता. मण म्हणजे बंगालमध्ये ८२ पौंडांहून थोडा जास्त, मुंबईत २८ आणि मद्रासेत २५. १९५६ मध्ये कायदा झाला. १ एप्रिल १९५७ रोजी ६४ पैशांचा रुपया १०० नव्या पैशांचा झाला, ब्रिटनच्या १४ वर्षं आधी. १९५८ पासून वजनं टप्प्याटप्प्याने आली, आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला सक्तीची झाली. शेर आणि मण बाजारातून गेले.

जिथे तारीख पोचली नाही तिथे मात्र आपणही ब्रिटनसारखेच आहोत. घर चौरस फुटांत, वाळू ब्रासमध्ये, म्हणजे शंभर घनफुटांत, नळ अर्ध्या इंची. तोळ्याने वेगळीच वाट काढली, नाव ठेवलं आणि वजन सोडलं. सोनाराकडे तोळा म्हणजे आता दहा ग्रॅम.

लंडनहून परतल्यावर गावच्या जमिनीची मोजणी होती. भूकरमापक तरुण, हातात उपग्रहावरून जागा टिपणारं यंत्र. तासाभरात चारी कोपरे झाले. साखळी ओढायला माणसं लागली नाहीत, बांधावर झेंडे रोवले नाहीत. यंत्राकडे बघत तो म्हणाला, "शून्य हेक्टर, एक्याऐंशी आर."

आमचे मोठे दीर, म्हणजे त्या लंडनच्या बाळाचे आजोबा, बांधावर उभे होते. "गुंठे किती?" त्यांनी विचारलं.

आर म्हणजे शंभर चौरस मीटर. गुंठा १०१.१७ चौरस मीटर. इतके जवळ की गावात दोन्ही एकच समजतात. "ऐंशी, काका," तो म्हणाला.

"म्हणजे दोन एकर. आमचे वडील सांगायचे तेवढीच." दीर बांधावरून उतरले. मी मनात हिशोब केला. दोन एकर म्हणजे ८,०९३.७ चौरस मीटर, आणि यंत्र सांगत होतं ८,१००. उरले सहा चौरस मीटर आणि थोडे. बांधाच्या कोपऱ्यात आंब्याचं एक झाड आहे, त्याच्या बुंध्याभोवती आळं आणि पारासाठी तेवढी जागा पुरते.